दंड, कोपर, फोरआर्म: हाताच्या मोठ्या जखमेवर फ्लॅप निवडताना आणि करताना

सोलापूर जिल्ह्यात हाताच्या मोठ्या जखमा ठरलेल्या वाटांनी येतात. कडबाकुट्टीच्या रोलरने ओढून घेतलेला हात, रसवंतीच्या चरकात गेलेला पंजा, यंत्रमागाच्या पट्ट्यात सापडलेला फोरआर्म (कोपर ते मनगट), मळणी यंत्रात अडकलेली बाही, आणि पुणे-हैदराबाद महामार्गावर टेम्पोच्या खिडकीबाहेर काढून बसलेले कोपर. यंत्र कोणते ते विचारले की निम्मी जखम न बघताच कळते. कडबाकुट्टीत पाते कापते, पण त्याआधी रोलरने चिरडलेले असते, म्हणून कापलेल्या रेषेच्या वर चार-पाच बोटे मांस मेलेले निघू शकते. चरकात हाड शाबूत आणि कातडी मात्र हातमोज्यासारखी उलटी निघालेली. खिडकीबाहेरच्या कोपरात मागची कातडी, ओलेक्रेनॉनचा (कोपरामागच्या टोकदार हाडाचा) तुकडा आणि कधी दंडामागचा ट्रायसेप्स स्नायूसुद्धा रस्त्यावर राहिलेला.

हे टिपण सर्जरी आणि ऑर्थोच्या निवासी डॉक्टरांसाठी आहे, तसेच करमाळा, सांगोला, अक्कलकोट अशा ठिकाणी पहिली पट्टी बांधणाऱ्यांसाठीही. फ्लॅप म्हणजे स्वतःचा रक्तपुरवठा सोबत घेऊन हलवलेली कातडी, चरबी किंवा स्नायू. ग्राफ्टला, म्हणजे रक्तपुरवठा न घेता नुसत्या उचलून लावलेल्या कातडीला, खालची जमीन जगवते, फ्लॅप स्वतः जगतो आणि खालच्यालाही जगवतो. ही कल्पना आपल्याकडची जुनी आहे. पुण्याजवळ एका कुंभार वैद्याने कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने, तिचे मूळ तसेच जोडलेले ठेवून, उभे केले होते. त्याचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात छापून आले. ते न तोडलेले मूळ म्हणजेच आजचे पेडिकल.

आधी साफसफाई, फ्लॅप नंतर

फ्लॅप फसतात तेव्हा दोष बहुतेक वेळा फ्लॅपच्या आखणीत नसतो, त्याच्या खाली राहून गेलेल्या मेलेल्या मांसात असतो. म्हणून पहिल्या दिवशी प्रश्न एकच: काय मेले आहे?

टुर्निके (रक्त अडवणारा, फुगवायचा पट्टा) बांधा, पण फुगवू नका. रक्तस्राव आवरेना तेवढ्यापुरताच फुगवा. फुगवलेल्या टुर्निकेखाली जिवंत आणि मेलेले मांस सारखेच दिसते. स्नायू तपासायला चार गोष्टी: रंग, चिमट्याने धरल्यावर आकसतो का, कापल्यावर रक्त येते का, आणि हाताला घट्ट लागतो की लगदा. यात आकसणे आणि रक्त येणे जास्त भरवशाचे, रंग सगळ्यात फसवा. कातडीच्या कडा थेंबथेंब लाल रक्त येईपर्यंत मागे कापत जा. काळपट रक्त संथ येत असेल तर ती कड अजून मेलेलीच समजा. सलाइन सढळ हाताने वापरा, छोट्या जखमेला ३ लिटर, शेतातल्या मातीच्या मोठ्या जखमेला ९ लिटरपर्यंत, आणि जोराच्या पिचकारीने नव्हे, साध्या धारेने. जोराच्या धारेने कडब्याचे कण आत ढकलले जातात. कडब्याची कुसळे टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात शिरून बसतात. ती भिंग लावून एकेक काढावी लागतात, दुसरा मार्ग नाही.

चरकाच्या जखमेत एक मोह होतो: सोललेली कातडी छान दिसते, उलटून पुन्हा जागेवर शिवावी. तसे करू नका. मुळाच्या बाजूने जोडलेली असली तर कधी जगते, बोटांच्या बाजूने जोडलेली असली तर दोन-तीन दिवसांत काळी पडते आणि तोवर मधला वेळ वाया गेलेला असतो. तीच कातडी काढून, मागची चरबी कात्रीने पांढरी डर्मिस (कातडीचा आतला थर) दिसेपर्यंत खरवडून, ग्राफ्ट म्हणून जागेवर लावा. खाली मांस किंवा पॅराटेनॉन (टेंडनवरचे पातळ आवरण) असेल तर ती लागते, आणि मांडीवरून नवी कातडी काढायची गरज पडत नाही.

टिटॅनसचे इंजेक्शन, जखम मातीची असेल तर सोबत टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन २५० युनिट. अँटिबायोटिक पहिल्या तासात, सेफाझोलिन २ ग्रॅम शिरेतून, आणि शेण-मातीच्या जखमेला अॅनेरोबिक (हवेशिवाय वाढणाऱ्या) जंतूंचे कव्हर. हाड मोडले असेल तर आधी ते स्थिर करा. हलत्या हाडावर फ्लॅप बसत नाही, आणि बाहेरून फिक्सेटर लावताना पिना फ्लॅपच्या वाटेत येणार नाहीत हे प्लॅस्टिक सर्जनला विचारूनच लावा. रेडियल (अंगठ्याकडच्या) बाजूला घातलेली एक पिन पुढचा सगळा रेडियल फ्लॅप बाद करते.

दुसरी साफसफाई ४८ तासांनी. वेळेबद्दल बोलताना सर्जन मार्को गोदिना यांच्या १९८६ च्या लेखाचा दाखला नेहमी येतो: ७२ तासांच्या आत झाकलेल्या जखमांचे निकाल सरस. आकड्याला चिकटून बसू नका, पण मुद्दा घ्या. व्हॅक्युम ड्रेसिंग (व्हॅक) १२५ मिमी पारा इतक्या ऋण दाबावर लावले की चार-पाच दिवस मिळतात, मात्र उघडे टेंडन आणि हाड त्याखाली महिनाभर ठेवले तर ते सुकतात. व्हॅक हा मुक्कामाचा मार्ग, पोचण्याचा नव्हे.

ग्राफ्ट पुरेल का, हे प्रामाणिकपणे विचारा

उघडे मांस, चरबी, पॅराटेनॉन असलेले टेंडन, पेरिऑस्टियम (हाडावरचे आवरण) असलेले हाड, यांवर ०.३ मिमीच्या आसपासचा स्प्लिट ग्राफ्ट लागतो. पॅराटेनॉन नसलेले टेंडन, उघडे हाड, सांधा, प्लेट, जोडलेली धमनी किंवा नर्व्ह (मज्जातंतू), यांवर लागत नाही. आणखी एक बाब: पुढे टेंडन किंवा नर्व्हवर पुन्हा काम करावे लागणार असेल तर ग्राफ्टखालून ते करता येत नाही, फ्लॅप उचलून करता येते. ग्राफ्ट लागणार असूनही फ्लॅप करावा लागतो तो अशा वेळी.

फ्लॅप ठरला की आकार काढा. निर्जंतुक ग्लोव्हच्या कागदातून जखमेच्या आकाराचा साचा कापा आणि तो देणाऱ्या जागेवर ठेवून, पेडिकलच्या पिव्होटवरून (ज्या बिंदूभोवती फ्लॅप फिरतो) फिरवून बघा की जखमेपर्यंत ताण न येता पोचतो का. पिव्होट ते जखमेचे लांबचे टोक हे अंतर दोरीने मोजा, पिव्होट ते फ्लॅपचे टोक त्याहून दोन सेंटीमीटर जास्त हवे. साच्याभोवती चारही बाजूंनी एक सेंटीमीटर जास्त धरा. सुजलेल्या हातावर एक सेंटीमीटरही पुरत नाही असा अनुभव येतो. कमी आकाराचा फ्लॅप टाक्यांच्या ताणानेच मरतो.

दंड

दंडाभोवती सगळीकडे मांस आहे, म्हणून बहुतेक जखमा ग्राफ्टवर भागतात. ह्यूमरस (दंडाचे हाड) उघडा पडला, प्लेट दिसते, किंवा ब्रेकियल धमनी जोडली आहे आणि तिच्यावर कातडी नाही, तेव्हा पाठीचा लॅटिसिमस डॉर्साय स्नायू. हा भरवशाचा फ्लॅप आहे, धमनी थोराकोडॉर्सल, जाड आणि कायम असणारी. कुशीवर झोपवून काखेच्या मागच्या घडीपासून खाली छेद घ्या. कातडीचे पान १० सेंटीमीटरपेक्षा रुंद नको, म्हणजे पाठ थेट शिवता येते. शेजारच्या सेरॅटस स्नायूला जाणारी फांदी बांधली की पुरेसे वळण मिळते. पण बांधण्याआधी थोराकोडॉर्सलमध्ये ठोका आहे का हाताने आणि डॉपलरने बघा. काखेतच मार लागून ती तुटलेली असेल तर सेरॅटसची तीच फांदी उलट्या दिशेने लॅटिसिमसला जगवत असते, आणि ती बांधली तर सारा स्नायू हातातून जातो.

काखेतला बोगदा चार बोटे सहज जातील इतका मोकळा ठेवा. फ्लॅप जेमतेम सरकतो म्हणजे बोगदा अपुरा आहे, दुसऱ्या दिवशी सुजेने तो आणखी आवळेल. बायसेप्स गेला असेल तर याच स्नायूचे टोक पुढे बायसेप्सच्या टेंडनला शिवून कोपर वाकवण्याची ताकद देता येते. पाठीत सिरोमा (पाणी साठणे) होतोच, ड्रेन २४ तासांत ३० मिलीच्या खाली येईपर्यंत काढू नका. कुबड्यांवर चालणाऱ्या रुग्णाला हा फ्लॅप शक्यतो नको. खांदा खाली रेटायला त्याला हाच स्नायू लागतो.

कोपर

कोपराची मागची बाजू अवघड, कारण कातडीखाली लगेच हाड आणि प्रत्येक वाकण्याला ताण. ओलेक्रेनॉनवरची बारीक जखम असेल तर अँकोनियस स्नायू वळवून वर ग्राफ्ट, कमी त्रासाचा उपाय. त्याहून मोठी पण पाच-सहा सेंटीमीटर रुंदीपर्यंतची जखम असेल तर उलटा लॅटरल आर्म फ्लॅप. डेल्टॉइड जिथे ह्यूमरसला चिकटतो तिथपासून लॅटरल एपिकॉन्डाइलपर्यंत (कोपराच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा) रेघ काढा, तिच्यावर फ्लॅप बसवा, आणि ट्रायसेप्स व ब्रेकियालिसमधल्या पडद्यासह उचला. सरळ वापरला तर त्याची धमनी पोस्टीरियर रेडियल कोलॅटरल, उलटा वापरला तर रेडियल रिकरंटकडून रक्त येते. कोपराची बाहेरची बाजूच चिरडली असेल तर ही जोडणी शिल्लक नसते, मग हा विचार सोडा. पडद्यात रेडियल नर्व्ह शेजारी असते, ती डोळ्यांना दिसल्याशिवाय खोल बांधू नका. फोरआर्मच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, तो रुग्णाला आधीच सांगून ठेवा.

कोपराभोवतीचे सगळेच सोलले असेल तर पुन्हा लॅटिसिमस, मात्र ओलेक्रेनॉनच्या पुढे ताणायचा प्रयत्न केला की टोक मरायची भीती वाढते. त्याऐवजी वरच्या बाजूने जाणारा पेडिकल ठेवलेला रेडियल फोरआर्म फ्लॅप कोपराच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंना पोचतो. अट एकच, अल्नर (करंगळीकडची) धमनी शाबूत हवी.

बसवताना कोपर काटकोनाच्या जरा अलीकडे, पूर्ण सरळ किंवा पूर्ण वाकवलेले नको. सरळ ठेवून शिवलेला फ्लॅप पुढे वाकवताना फाटतो आणि वाकवून शिवलेला पेडिकल दाबतो.

फोरआर्म आणि पंजाची मागची बाजू

इथे पर्याय भरपूर आहेत म्हणून चुकाही भरपूर. प्रत्येकाची किंमत वेगळी आहे: रेडियल फ्लॅपला मोठी धमनी द्यावी लागते, पोस्टीरियर इंटरॉसियसला बारीक धमनी पण नाजूक हात लागतो, जांघेच्या फ्लॅपला तीन आठवडे बांधून ठेवलेला माणूस लागतो, फ्री फ्लॅपला (पूर्ण सुटा करून रक्तवाहिन्या नव्याने जोडायच्या) मायक्रोस्कोप आणि रात्री दोनला उठणारी टीम लागते.

रेडियल फ्लॅप करायचा असेल तर आधी अॅलन टेस्ट. मुठीतले रक्त पिळा, दोन्ही धमन्या दाबा, अल्नर सोडा. सात सेकंदांत पंजा लाल झाला पाहिजे. सुजलेल्या, ग्राफ्ट लावलेल्या हातात ही टेस्ट फसवते, तेव्हा ऑपरेशनमध्ये रेडियल धमनीला बुलडॉग क्लॅम्प लावून टुर्निके सोडा आणि अंगठा-तर्जनी लाल होताना स्वतः बघा, मगच धमनी कापा. फ्लॅपखालच्या टेंडनवर पॅराटेनॉन शिल्लक ठेवा, नाहीतर देणाऱ्या जागेवरचा ग्राफ्ट लागणार नाही आणि एकाच्या दोन जखमा होतील. रेडियल नर्व्हची कातडीजवळची (सुपरफिशियल) फांदी न दुखावता जागेवर राहू द्या, तिचा न्यूरोमा (नर्व्हची गाठ) वर्षानुवर्षे दुखतो. आमच्या मते, त्याच हातात जखम असताना आणि दुसरा मार्ग असताना मोठी धमनी खर्चू नये.

*पोस्टीरियर इंटरॉसियस, टप्प्याटप्प्याने.* पंजाची मागची बाजू, मनगट आणि अंगठा-तर्जनीमधली बेचकी यांसाठी हा फ्लॅप चांगला, कारण मोठी धमनी शाबूत राहते. मनगटावरच चिरडलेले असेल तर करू नका, त्याचा रक्तपुरवठा मनगटापाशीच उलटून येतो.

कोपर ९० अंशांत, फोरआर्म पूर्ण पालथा, म्हणजे तळहात जमिनीकडे. लॅटरल एपिकॉन्डाइलपासून अल्नाच्या डोक्यापर्यंत रेघ. या रेघेवर पहिल्या आणि मधल्या तृतीयांशाच्या सांध्यावर धमनी मागच्या भागात येते. परफोरेटर (कातडीकडे वर येणारी बारीक धमनी) रेघेच्या मध्याच्या आसपास हातातल्या ८ मेगाहर्ट्झ डॉपलरने शोधून खूण करा. खूण करताना हात जसा ठेवला तसाच ऑपरेशनभर ठेवा, फोरआर्म वळला की कातडी सरकते. पिव्होट अल्नर स्टायलॉइडच्या दोन सेंटीमीटर वर. रुंदी चार सेंटीमीटरपर्यंत ठेवली तर जागा थेट शिवता येते.

टुर्निके सिस्टोलिकपेक्षा १०० मिमी जास्त, पण आधी एस्मार्क बँडेजने रक्त पूर्ण पिळू नका, हात दोन मिनिटे वर धरा इतकेच. बारीक रक्तवाहिन्यांत थोडे रक्त राहिले की त्या दिसतात.

पहिला छेद खालचा, पिव्होटपाशी. एक्स्टेन्सर कार्पी अल्नारिस आणि छोट्या बोटाचा एक्स्टेन्सर यांच्यामधल्या पडद्यात धमनी आणि तिची अँटीरियर इंटरॉसियसच्या फांदीशी झालेली जोड डोळ्यांनी बघा. नसेल, किंवा दोऱ्यासारखी बारीक असेल, तर इथेच थांबा आणि दुसरा फ्लॅप निवडा, अजून काही बिघडलेले नाही. आहे म्हटल्यावर फ्लॅपच्या रेडियल बाजूने फॅशियासह (स्नायूवरचे आवरण) पडद्यापर्यंत उचला, परफोरेटर बघा, मग अल्नर बाजूने. परफोरेटरच्या वर धमनी बांधा. इथे पोस्टीरियर इंटरॉसियस नर्व्ह धमनीला बिलगून असते, अल्नारिसला जाणारी तिची फांदी धमनीवरून आडवी जाते. ती फांदी वाचवताना घाई करणारा माणूस दुसऱ्या दिवशी मनगट वळवता न येणारा रुग्ण पाहतो.

खाली पडदा दोन सेंटीमीटर रुंदीने सोबत ठेवा, धमनी उघडी करून स्वच्छ दाखवायचा सोस नको. तिच्यासोबतच्या बारीक व्हेन त्याच पडद्यात असतात. टुर्निके सोडून १५ मिनिटे वाट बघा. पेडिकल बोगद्यातून नेऊ नका, मधली कातडी उघडून त्यात आडवी ठेवा आणि ती जागा सुजलेली असेल तर न शिवता ग्राफ्ट लावा. हा फ्लॅप धमनीने क्वचित मरतो, व्हेनने मरतो, आणि व्हेन मरते ती बोगद्यात दाबून.

*जांघेचा फ्लॅप.* मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेला हा फ्लॅप जुना म्हणून हिणवला जातो. मायक्रोस्कोप नसलेल्या ठिकाणी, धमन्या चिरडलेल्या हातात, रात्रीच्या वेळी, तो पंजा आणि मनगट वाचवतो. सुपरफिशियल सर्कमफ्लेक्स इलियाक धमनी फीमोरलमधून इंग्वायनल लिगामेंटच्या दोन बोटे खाली निघते. तिथून अँटीरियर सुपीरियर इलियाक स्पाइनकडे (कमरेच्या हाडाचे पुढचे टोक) रेघ काढा, हा अक्ष. रुंदी १० सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे मांडी जरा वर घेऊन जागा शिवता येते. स्पाइनच्या पुढचा भाग रँडम, म्हणजे ठरलेल्या धमनीविना, तिथे लांबी रुंदीइतकीच ठेवा.

बाहेरून आत उचला. स्पाइनपर्यंत फॅशियाच्या वरून, सार्टोरियस स्नायूच्या बाहेरच्या कडेला पोचले की फॅशिया कापून ती फ्लॅपसोबत घ्या, कारण धमनीची खोल फांदी तिच्या खालून जाते. इथे मांडीची बाहेरची कातडीची नर्व्ह सापडते, ती सोडवा. जाड माणसाच्या फ्लॅपची नळी करू नका, नळीचा टाका लागतो तिथेच रक्त थांबते. पेडिकलची खालची बाजू उघडी राहिली तर ग्राफ्ट लावा, उघड्या मागच्या बाजूला पू होतो.

बसवणुकीत किमान दोन तृतीयांश कड जखमेच्या जिवंत कडेला लागलेली हवी. हात शरीराला रुंद चिकटपट्टीने आणि कमरेच्या पट्ट्याने बांधा, कोपराखाली उशी. भूल उतरताना रुग्ण हात ओढतो, म्हणून उतरेपर्यंत एक माणूस हात धरून उभा हवा. त्यानंतर खांदा आणि बोटे पहिल्या दिवसापासून हलवायला लावा, चाळिशीनंतरचा खांदा तीन आठवड्यांत गोठतो.

दोन आठवड्यांनंतर पेडिकलवर रबर लावलेला क्लॅम्प दहा मिनिटे ठेवून बघा. फ्लॅप काळा-निळा पडला तर सोडा, रोज वाढवत जा. २१ व्या दिवशी तासभर क्लॅम्पखाली गुलाबी राहिला तर कापा. तंबाखू, मधुमेह किंवा बसवणूक अर्धीमुर्धी असेल तर चौथ्या आठवड्यापर्यंत थांबा. कापल्याच्या दिवशी मोकळी झालेली कड पूर्ण बसवू नका, दोन-तीन दिवसांनी बसवा. पहिले दोन दिवस हीच कड सगळ्यात अशक्त असते.

फोरआर्मच्या मधल्या मोठ्या जखमेला पोटाचा फ्लॅप त्याच पद्धतीने. आखताना आधी सिझेरियन किंवा इतर ऑपरेशनचे टाके शोधा, जुन्या टाक्याच्या पलीकडे रक्त पोचेल असे गृहीत धरू नका.

फ्री फ्लॅप म्हटले की मांडीवरचा एएलटी (अँटेरोलॅटरल थाय). स्पाइनपासून गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ, मध्यावर तीन सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ, परफोरेटर त्यात शोधा. आठ सेंटीमीटर रुंदीपर्यंत मांडी थेट शिवते. जोडणी जखमेच्या आत नव्हे, तिच्यापासून दूर, शाबूत धमनीवर. हातात एकच धमनी उरली असेल तर बाजूला छेद करून जोडा, ती कापू नका. जोडलेल्या व्हेनमध्ये रात्री गाठ झाली तर तासाभरात परत टेबलवर घ्यावे लागते. त्या तासाला हजर राहणारी टीम नसेल तर जांघेचा फ्लॅप करा, त्यात कमीपणा नाही.

पहिले तीन दिवस

पहिले २४ तास दर तासाला, पुढचे ४८ तास दर दोन तासांना नोंद: रंग, बोट दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ, हाताला लागणारी ऊब, सूज. ड्रेसिंगला एक खिडकी ठेवा आणि नोंद करणारी सिस्टर एकच वेळापत्रक वापरेल असा कागद पलंगाला लावा. दोन सेकंदांच्या आसपास रंग परत येतो. पांढरा, गार, परत न येणारा रंग म्हणजे धमनीत अडथळा. जांभळा, टणक, बोट काढताच पटकन परत येणारा रंग आणि सुईने टोचल्यावर भराभर काळे रक्त म्हणजे व्हेनमध्ये. दिवसाउजेडात एकदा बघा, ट्यूबलाइटखाली सावळ्या कातडीचा रंग फसवतो. शंका आली तर सुई टोचा, नोंद वहीत ‘ठीक’ लिहू नका.

जांभळा दिसला की क्रमाने: ड्रेसिंग आणि प्लास्टर कडेपर्यंत कापा, हात उचला, पेडिकलवरचे दोन-तीन टाके काढा, खाली रक्त साठले असेल तर बाहेर काढा. अर्ध्या तासात सुधारले नाही तर टेबलवर न्या. पेडिकल वळलेले असेल तर फ्लॅप जागेवर परत ठेवून आठवड्याने पुन्हा हलवणे हाही मार्ग आहे. बाकी काहीच उरले नाही तर जळू, सोबत जळवेतल्या एरोमोनास जंतूसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन.

फ्लॅपला थंडी चालत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर असताना वॉर्डचा एसी सुसाट सोडला जातो. थेट झोत फ्लॅपवर येणार नाही असा पलंग फिरवा. पाणी कमी पडले तरी रक्तवाहिन्या आकसतात, लघवी ताशी अर्धा मिली प्रति किलोच्या खाली जाऊ देऊ नका.

तंबाखूची चौकशी नीट करा. ‘व्यसन आहे का?’ म्हटले की नाही म्हणतात. विडी, गुटखा, मिश्री अशी नावे घेऊन विचारा. बाया मिश्रीला व्यसन समजत नाहीत, आणि विडी वळणाऱ्या घरात तंबाखू तर पदरातच असतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, निदान तीन-चार आठवडे पूर्ण बंद. पाहुण्याने चोरून आणलेली पुडी हा फ्लॅपचा मोठा शत्रू आहे, म्हणून नातेवाइकांनाही बोलावून सांगा.

घरी गेल्यावर

पंजाचे स्प्लिंट: मनगट २० ते ३० अंश वर, बोटांच्या मुळांचे सांधे ७० अंशांच्या पुढे वाकलेले, बोटे सरळ. फ्लॅप सुकल्यावर तीन आठवड्यांपासून मालिश आणि क्रेप, फ्लॅप पातळ करण्याचे ऑपरेशन सहा महिन्यांआधी नको. कातडी निर्जीव वाटते, भाजले तरी कळत नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला सांगा: तव्याची ऊब दुसऱ्या हाताने बघायची, चहाचा ग्लास फ्लॅपच्या बाजूने धरायचा नाही. उन्हात काम असेल तर बाही खाली ओढून. ग्राफ्ट घेतलेली मांडी दोन आठवड्यांत भरते, तिला खोबरेल तेल रोज लावायचे. खाज सुटते तेव्हा खाजवायचे नाही, थोपटायचे.

जिथे पहिली पट्टी बांधली जाते त्या डॉक्टरांनी पुढे पाठवताना तीन फोटो पाठवावेत: जखम सरळ, बाजूने, आणि बोटांचे टोक. जोडीला वेळ, यंत्र, ठोका आहे का, बोटे हलतात का, टिटॅनस दिले का. तुटलेला भाग असेल तर ओल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत, ती पिशवी बर्फात, भाग थेट बर्फावर नाही. टुर्निके बांधून पाठवले असेल तर बांधल्याची वेळ पट्टीवर पेनाने लिहा. करमाळ्याहून सोलापूरला यायला दोन-तीन तास जातात, आणि वेळ लिहिली नसेल तर टुर्निके किती वेळ बांधून आहे हे कुणालाच सांगता येत नाही.